निळ्या टपातले विंग्ज

दामूचा सोमवारचा उपास, आणि नेमका त्याच दिवशी चुलीपुढं कोंबडीच्या पंखांचा ढीग. पण पोरानं शब्द टाकला म्हटल्यावर बाप काय करणार? दर्पण बोईसरला एका केमिकल कंपनीत ठेक्यावर. त्याचा सुपरवायझर कैलाससाहेब मॅच बघायला सातपाटीला घरी येणार होता.

"बाबा, बारमध्ये मिळतात तसे विंग्ज कर. तिखट, आंबट, लालभडक. साहेब खूश झाला तर मी पर्मनंट!"

दामूनं सकाळीच मीठ, मिरची, आलं-लसूण चोळून पंख निळ्या टपात मुरायला ठेवले. टप म्हणजे कंपनीचा प्लास्टिकचा ड्रम, मधून कापलेला. गावात बोटीवर, बाजारात, मासळीला असलेच टप. नवा आला की खाऱ्या पाण्यानं घासायचा, उन्हात पालथा घालायचा, झालं काम. हा दर्पणनं परवाच आणलेला. दामूनं तसाच घासला.

सांजेला साहेब येऊन टीव्हीपुढं बसला. मागच्या पडवीत पहिला घाणा निघाला, सॉसमध्ये घोळून परातीत काढला. दामूला उपास, म्हणून चाखायला बायको पुष्पलता.

"मीठ बराबर हाय," ती म्हणाली, आणि आणखी दोन पंख उचलले.

"अगो, पावण्याला ठेव!"

"तो काय माझ्या तोंडाकडं बघायला आलाय? मॅच बघू दे त्याला."

हसत ती पाणी प्यायला ओट्याकडं गेली. तेवढ्यात मांजर आली. दामूनं टपातला एक कच्चा तुकडा टाकला. सातपाटीची मांजर, सडकी मांदेली पण सोडत नाय. हिनं हुंगलं, अंग आखडलं आणि उलट्या पावली मागं सरकली.

दामूनं टपात नाक घातलं. लसणीच्या खाली गोडसर वास होता, रंगाच्या दुकानात येतो तसा. सकाळपासून बोटं बधिर होती. तो बापडा मिरचीला शिव्या घालत होता.

"दर्पण, हिकडं ये. काय होतं रे ह्या ड्रमात?"

दर्पण टपाकडं बघेना. "माहीत नाय. वरचा कागद फाडलेला होता. मागच्या शेडमधून उचलला."

"कुलपातल्या?"

"हळू बोल ना! साहेबाला कळलं तर उद्या गेटवरनंच हाकलतील. तळल्यावर काय राहतंय त्यात? आण ती परात."

आतून साहेबानं हाळी दिली, "काका, विकेट पडली! विंग्ज कुठं हायत?"

दर्पणनं परातीला हात घातला. दामूनं ती सोडली नाय. बाप-लेक क्षणभर तसेच, एकच परात धरून. मग दामूनं हिसका मारला, सगळी परात राखेत पालथी केली आणि आत गेला.

"साहेब, खायला काय नाय. टप तुमच्या कंपनीचा हाय. एकदा बघून घ्या."

साहेब हसतच आला. त्यानं टप तिरका करून बुडावरचा नंबर वाचला. हसू मावळलं. ओरडला असता तर दामूला बरं वाटलं असतं.

"दर्पण, गाडी काढ," तो हळू म्हणाला. "कोणी खाल्लं ह्यातलं?"

दामूनं ओट्याकडं बघितलं. पुष्पलता खाली बसलेली, पदरानं कपाळ पुसत.

"असे काय बघता सगळे? घाम आलाय जरा. साहेबांना चहा तरी टाकते."

उठायला ती ओट्याची कड धरायला गेली. कड वीतभर बाजूला होती. हात नुसताच हवेत मिटला.