तेवीस स्लाइडवरचं शून्य

शनिवारी सकाळी उत्कर्षा सांगलीहून साताऱ्याला निघाली ती एका माणसाचं नाव यादीतून काढून टाकायला. काम दहा मिनिटांचं. विश्रामबागेतल्या घरी बसूनही झालं असतं. पण डॉक्टर विश्वजित शिर्के फोनवर म्हणाले होते, "तू समोर असलेली बरी. नाथाजीकाकांना वाईट वाटणार आहे."

डॉक्टरांची साताऱ्यात रक्त तपासायची लॅब होती. तिथल्या संगणकाचा प्रोग्राम उत्कर्षाने लिहून दिला होता. नाथाजी हे तिथले तंत्रज्ञ. चोवीस वर्षं फौजेच्या इस्पितळात आणि निवृत्तीनंतर चौदा वर्षं इथे, एवढा काळ त्यांनी मायक्रोस्कोपला डोळे लावून काढला होता. काचेच्या स्लाइडवर रंगवलेल्या रक्तातल्या शंभर पांढऱ्या पेशी बघायच्या आणि पाच प्रकारांपैकी कोणत्या किती, ते मोजायचं. पूर्वी त्यांच्या डाव्या हाताखाली पाच कळांचं एक लोखंडी यंत्र असे. कळ दाबली की टक वाजायचं आणि शंभर भरले की घंटी.

उत्कर्षाच्या प्रोग्राममध्ये आधी पडद्यावर पाच चौकोन होते आणि माउस. पहिल्याच दिवशी नाथाजी वैतागले. "आवं मॅडम, दर पेशीला मान वर करायची म्हंजे कोंबडीगत झालं की वो!" मान वर केली की स्लाइडवरची जागा हरवायची. म्हणून तिने कीबोर्डचे शॉर्टकट घातले. नेहमीच्या तीन प्रकारांना एक, दोन, तीन हे आकडे आणि क्वचित दिसणाऱ्या दोघांना त्यांच्या इंग्रजी नावाचं पहिलं अक्षर. इओसिनोफिलला ई, बेसोफिलला बी. लक्षात ठेवायला सोपं, असं तिला वाटलं होतं. नाथाजींनी त्या पाच कळांवर चिकटपट्टीचे बारीक तुकडे लावले, म्हणजे न बघता बोटाला सापडाव्यात. आणि म्हणाले, "याला आवाज द्या की. जुनं कसं टक करायचं."

तिने वहीत लिहिलं : आवाज – नंतर. जुन्या वस्तूची सवय, दुसरं काय, असं तिला वाटलं होतं.

लॅबमध्ये नाथाजी मायक्रोस्कोपसमोर नव्हते. बाजूच्या बाकावर बसून नळ्यांना चिठ्ठ्या लावत होते.

"या मॅडम," ते म्हणाले. "आमची बदली झाली, कळलं न्हवं? फ्रंटवरनं एकदम स्टोअरला."

डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. मागच्या आठवड्यात माण तालुक्यात आरोग्य शिबीर झालं होतं, तिथल्या तेवीस जणांचं रक्त इथे तपासलं. त्यातल्या एका मुलीचा खोकला थांबेना म्हणून घरच्यांनी तिला सांगलीला नेलं. तिथे इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत किंवा जंत झाल्यावर वाढणाऱ्या पेशी, निघाले अठरा टक्के. इथल्या रिपोर्टवर होतं शून्य.

"इओसिनोफिलचे दाणे नारिंगी असतात. मोतीबिंदू झाला की तोच रंग आधी फसवतो," डॉक्टर म्हणाले. "अठ्ठावन्न वय आहे. मी त्यांना दोष देत नाही. पण सोमवारपासून दुसरा मुलगा बसेल. सही करणाऱ्यांच्या यादीतून त्यांचं नाव काढ आणि त्याचं घाल."

नाव काढण्याआधी जुने रिपोर्ट वेगळे साठवायचे होते. उत्कर्षाने महिन्याभराची यादी उघडली आणि इओसिनोफिलच्या रकान्यावरून नजर खाली नेली. दोन, चार, एक, तीन, सहा. मग शिबिराचा दिवस. शून्य, शून्य, शून्य. तेवीसच्या तेवीस. त्याच दुपारी आलेल्या साताऱ्यातल्या पेशंटांचे पुन्हा तीन, दोन, पाच.

ती थांबली. थकलेला डोळा एखादी पेशी सोडतो, एखादी पकडतो. ओळीने तेवीस शून्यं डोळा देत नाही, आणि दुपारी जेवण झाल्यावर तो बरा होत नाही.

मग तिला दुसरा फरक दिसला. त्या तेवीस जणांची नावं मराठीत होती, बाकी सगळ्यांची इंग्रजीत.

"शिवांजली," तिने नोंदणीच्या टेबलावरच्या मुलीला विचारलं, "शिबिराची नावं मराठीत का गं?"

"त्यांचं रजिस्टर मराठीत असतं ना ताई. मी कीबोर्ड मराठी करून टाइप करते, एंटर मारते, की लगेच काकांची मोजायची खिडकी उघडते."

"आणि कीबोर्ड?"

"तो राहतो तसाच."

आकडे दोन्ही भाषांत तेच उमटतात. पण मराठीत ईच्या कळेवर काना असतो. तिचा प्रोग्राम ई या अक्षराची वाट बघत बसला होता आणि त्याच्या हाती काना पडत होता. त्याने तो निमूट टाकून दिला. बाकीच्या पेशींनी शंभर भरेपर्यंत मोजत राहिला, त्यामुळे बेरीजही बरोबर आली.

क्षणभर तिच्या मनात आलं, की हे आत्ता दुरुस्त करता येईल. नवी आवृत्ती टाकायची, नाव काढायचं, घरी जायचं. कोणाला काही कळणार नाही. काचेपलीकडे नाथाजी नळी प्रकाशात धरून चिठ्ठी सरळ लागली का ते बघत होते. एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा.

ती बाहेर आली. "काका, जुनं यंत्र आहे का अजून? आणि त्या मुलीची स्लाइड?"

"कशाला? आणि पंचनामा करायचाय व्हय?"

"करायचाय. पण तुमचा नाही."

यंत्र कपाटातून निघालं. नाथाजी स्टुलावर बसले. खोलीत फक्त टक टक चाललं होतं. घंटी वाजल्यावर त्यांनी मान वर केली. "सतरा. सतरा हायत की हितं!"

"आता तीच स्लाइड संगणकावर." तिने मुलीचं नाव शिवांजलीसारखंच मराठीत भरलं आणि या वेळी पडद्याकडे न बघता त्यांच्या बोटाकडे बघत उभी राहिली. बोट चिकटपट्टीवर जात होतं. कळ पूर्ण दबत होती. एकदा, दोनदा, पुन्हा. शेवटी पडद्यावर आलं : इओसिनोफिल शून्य.

नाथाजींनी ईची कळ पुन्हा एकदा दाबून बघितली.

उत्कर्षाने डॉक्टरांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर सांगितलं, "काकांचे डोळे ठीक आहेत. चूक माझी आहे. मी शॉर्टकट इंग्रजीत तपासले, मराठीत तपासलेच नाहीत." कसं घडलं ते तिने कळ दाबून दाखवलं.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. "म्हणजे तेवीसही रिपोर्ट चुकीचे गेलेत."

"सगळ्यांना मी फोन करते. काय झालं ते मीच सांगते."

"तीन दिवस डोळ्यात थेंब घालतोय मी, मॅडम," नाथाजी म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आमच्या कारभारणीनं, अंजनानं, टीव्ही बंद केलाय घरात. म्हंती, आदी डोळं जपा. आणि मलाबी पटलं हुतं. रोज सकाळी समोरच्या डोंगराकडं बघून म्हणायचो, कालच्यापेक्षा फिका दिसतोय."

"माझ्यामुळे, काका," उत्कर्षा म्हणाली.

"सही करताना मीबी आकडे वाचाय पायजे हुतं," ते म्हणाले. "चाळीस रिपोर्टचा गठ्ठा, सह्या मारत सुटलो. ते माझ्याकडं." मग डॉक्टरांकडे वळले. "सोमवारचं काय साहेब?"

"त्या मुलाला कळवतो मी," डॉक्टर म्हणाले. "नळ्यांना चिठ्ठ्या लावायला कोणीतरी लागेलच."

"लावंल की. शिकवीन त्याला. चिठ्ठी वाकडी लावली तर मात्र माझ्याशी गाठ हाय."

उत्कर्षा संगणकासमोर बसली. कळेतून कोणतं अक्षर उमटतं हे विचारणं तिने काढून टाकलं. आता प्रोग्राम फक्त कीबोर्डवरची कुठली कळ दबली एवढंच बघणार होता, मग भाषा कोणतीही असो. हे सुरुवातीलाच करता आलं असतं. नाथाजींच्या बोटाला कधी अक्षर ठाऊकच नव्हतं, जागा ठाऊक होती. तपासून झाल्यावर तिने वही काढली, ती ओळ शोधली आणि आवाज घातला. पेशी नोंदली गेली तरच वाजणारा, आणि शंभर भरले की घंटी. त्यांना हाच आवाज पहिल्यापासून मिळाला असता, तर शिबिराच्या पहिल्या स्लाइडवर, पहिल्या मुक्या कळेलाच त्यांचं बोट थबकलं असतं.

"पाची कळांना एकच टक ठेवू का?"

नाथाजींनी विचार केला. "ईचा जरा जाड ठेवा."

दुपारी त्या तेवीस स्लाइड पुन्हा निघाल्या, पहिली त्या मुलीचीच. शिवांजली यादीतलं नाव मराठीत भरत होती. उत्कर्षा भिंतीशी फोन घेऊन बसली. पहिला फोन त्या मुलीच्या घरी लागला. पलीकडून बनुबाई नावाची तिची आजी बोलत होती आणि उत्कर्षा सावकाश, एकेक वाक्य करत, चूक कोणाची होती ते सांगत होती. पाठीमागे बारीक टक, टक, आणि मधूनच एक जाड. तिचे कान आपोआप ते जाड टक मोजायला लागले. आजीने विचारलं, "मग आता खरं किती हाय?" तेव्हा ती म्हणाली, "एक मिनिट थांबा आजी, मोजणं चालू आहे," आणि फोन कानाला तसाच धरून राहिली.

घंटी वाजली. पडद्याकडे न बघताच तिने फोनवर आकडा सांगितला, सतरा.

"पुढची द्या," नाथाजी म्हणाले.