काहीच न केल्यासारखं

लग्न साडेअकराला होतं आणि सव्वाआठलाच नवरी ओळखू येईनाशी झाली होती.

मेकअपवाली दीड तास खपून नुकतीच पुढच्या नवरीकडे पळाली होती. जाताना म्हणाली, "एकदम नॅचरल केलंय." प्लंबरने खुर्चीतल्या बाईकडे पाहिलं, मान लववून नमस्कार केला आणि आपली मुलगी शोधायला शेजारच्या खोलीत निघाला. मावशीने, म्हणजे त्याच्या धाकट्या मेहुणीने, बाही धरून त्याला मागे ओढलं.

"हीच आहे, भाऊजी. आवाज ऐका, म्हणजे पटेल."

"बाबा, खरं सांग, कशी दिसतेय?"

आवाज तिचाच होता.

"महाग," प्लंबर म्हणाला.

मुलगी उठली आणि बेसिनवर तोंड धुऊन आली. टॉवेलवर अख्खी एक बाई उतरली. खालून मूळ चेहरा निघाला, पण तोही काही धड नव्हता. डोळ्यांखाली काळं, नाक लाल. आई गेल्यापासून आठ महिने ती रोज पहाटे बाथरूममध्ये नळ सोडून रडत होती, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आपला बाप प्लंबर आहे आणि नुसतं वाहणारं पाणी त्याला कानाने कळतं, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"अशी गेले तर सगळे म्हणतील, पोरीला जबरदस्तीने उभं केलंय," ती म्हणाली. "आणि मघाची तशी गेले तर तो विचारेल, आपण कोण? मला माझ्यासारखं दिसायचंय, बस. बाबा, तू कर."

"काय करू?"

"मेकअप."

मावशी हसली. लपवायचा प्रयत्नही तिने केला नाही.

पण पोरगी अगदीच वेड्यासारखं बोलत नव्हती. तिच्या आईने घराच्या पुढच्या खोलीत सोळा वर्षं पार्लर चालवलं. नवं काही आलं की ते आधी नवऱ्याच्या तोंडावर. गिऱ्हाइकाच्या तोंडावर चूक झाली तर बोभाटा होतो, नवऱ्याच्या तोंडाला कोण विचारतो? ती त्याला 'पाटी' म्हणायची. लिहायचं आणि पुसायचं. एकदा पुसायच्या आधीच कुणाची तरी टाकी गळतेय म्हणून बोलावणं आलं आणि हा तसाच गेला. टाकीवाल्या बाईंनी टाकीबद्दल चकार शब्द काढला नाही, चहाचं मात्र दोनदा विचारलं. बायको अशी, की दवाखान्यात शेवटच्या दिवशी तिने नर्सला जवळ बोलावलं. सगळ्यांना वाटलं, पाणी हवंय. ती म्हणाली, "ही लिपस्टिक तुला शोभत नाही." मग गेली. मागे दीड डझन ब्रश आणि एक पेटी ठेवून गेली. मृत्युपत्र म्हणाल तर तेवढंच.

"अगं, माझ्या तोंडावर झालाय, माझ्या हातून नाही," प्लंबर म्हणाला. "आणि मी कधी बघितलाय? तुझी आई म्हणायची, डोळे मीट. मग म्हणायची, तोंडही मीट."

"मग मीट ना. आठवेल."

मुलीने आईची पेटी सोबत आणलीच होती. त्याने ती उघडली, मुलीच्या समोर स्टूल घेतलं आणि खरोखरच डोळे मिटले.

आणि आठवलं. आधी गार पाण्याचा हात. मग क्रीम, मग थोडं थांबणं. मग त्या डबीतलं मेणासारखं जाड मलम. ओठांच्या वर, हनुवटीला, जबड्याच्या कडेने कानापर्यंत. मग ओला स्पंज. घासायचा नाही, थोपटायचा. त्याचे हात आयुष्यभर पान्याने नट पिळत आलेले, पण थोपटणं त्याला येत होतं. ही पोरगी लहान असताना रोज थोपटूनच झोपायची.

डोळे उघडले तेव्हा मावशी गप्प होती. मावशी गप्प असणं कधीच चांगलं नसतं.

"बाबा," मुलगी आरशात बघत म्हणाली, "मी संत्रं खाऊन तोंड पुसलं नाही असं का वाटतंय?"

"सगळ्यात आधी हेच लावायची ती. दर वेळी."

"भाऊजी, ते नारिंगी दाढीसाठी होतं," मावशी म्हणाली. "दाढीची निळी झाक मारायला. तुमच्या दाढीची."

प्लंबरने डबीकडे पाहिलं, मग मुलीच्या जबड्याकडे.

"मला सोळा वर्षं वाटत होतं, हा पायाच आहे."

"नवरीची दाढी मात्र झकास लपवलीत."

मुलगी हसायला लागली. आठ महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने हसली आणि हसता हसता ते भलतीकडेच वळलं. नळ सोडायला जवळ नळ नव्हता.

"मला आई पाहिजे," ती म्हणाली.

"मला काय नकोय?" प्लंबर म्हणाला. "माझं तर तोंडही आठ महिने कोरं आहे."

यावर ती हसली आणि आणखी रडली. त्याने घड्याळ पाहिलं.

"सव्वानऊपर्यंत रड. त्यापुढे नाही. ओल्या भिंतीवर रंग बसत नाही."

ती नऊ वीसपर्यंत रडली. पाच मिनिटं त्याने सोडली. तेवढ्यात मावशीने गार पाण्यात रुमाल बुडवून आणला, जबड्यावरचं नारिंगी पुसून काढलं, रुमाल डोळ्यांवर ठेवला, स्वतःचे डोळे पदराने पुसले आणि म्हणाली, "ते नारिंगी डोळ्यांखालच्या काळ्यालाही चालतं. ठिपक्याएवढं. थापू नका."

या वेळी त्याने डोळे उघडे ठेवले. अंगठ्याने करून पाहिलं, जास्त झालं. तर्जनीनेही जास्तच. मग करंगळीशेजारचं बोट घेतलं. त्या बोटाला जोर नसतो, आणि बायको त्याच्या डोळ्यांखाली हेच बोट फिरवायची हे त्याला बोट टेकल्यावर कळलं.  मग स्पंजने दोन थेंब फाउंडेशन, तेही फक्त नाकाच्या आजूबाजूला. ओठांचाच रंग, बोटानेच, ओठांवर. गालावर लावायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "तुझ्या मावशीचा घोरण्याचा आवाज काढून दाखव." मुलगी हसली, आणि गाल वर आले तिथे त्याने रंग टेकवला.

"अजून थोडं लावा की," मावशी म्हणाली. "लग्न आहे."

"नट बसला की पाना खाली ठेवायचा. पुढे आवळला की आटे जातात."

त्याने मुलीला खिडकीशी नेलं, इकडून तिकडून बघितलं आणि पेटी बंद केली.

हॉलच्या दारात नवऱ्या मुलाने तिला बघितलं आणि तो तोंडभर हसला. म्हणजे ओळख पटली. प्लंबरच्या छातीवरचं निम्मं ओझं तिथेच उतरलं.

उरलेलं निम्मं घेऊन विहीणबाई आल्या. त्यांनी त्याला खांबाआड नेलं.

"रागावू नका हं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण आजच्या दिवशी तरी मुलीला थोडं काही लावायचं. आई नाही, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही का?"

मावशी मागेच होती. तिने बोलायला श्वास घेतला. प्लंबरने तिच्या पावलावर आपला बूट ठेवला आणि सगळं वजन त्यावर टाकलं.

"काहीच लावलेलं दिसत नाही?" त्याने विचारलं.

"अजिबात नाही."

"डोळ्यांखाली वगैरे?"

"छे हो. नुसता धुतलेला चेहरा. चेहरा गोड आहे तिचा, प्रश्न तो नाही. पण काहीच नाही केलेलं."

प्लंबर त्यांच्याकडे असा बघत राहिला, की विहीणबाई एक पाऊल मागे सरकल्या. त्याला काही बोलायचं होतं, पण ज्या बाईला सांगायचं ती हॉलमध्ये नव्हती. तिने सोळा वर्षं हेच ऐकायची वाट पाहिली होती. गिऱ्हाइकं मात्र तिला नेहमी "वा, काय मेकअप झालाय" म्हणत राहिली आणि ती आतल्या खोलीत येऊन चिडत राहिली.

"विहीणबाई," तो म्हणाला, "हेच जरा पुन्हा सांगाल का? सावकाश सांगा."