माळ उतरली

आता जे सांगतो त्यावर सोनईतलं कुत्रंसुद्धा विश्वास ठेवायचं नाही. तुरुंगात आमच्या बराकीतले ढेकूण सकाळच्या गिनतीला रांगेत उभे राहायचे आणि शिपाई त्यांनाही धरून मोजायचा. हसा. दहावा असला तरी हसा. गहिनीनाथ या गोष्टीला पोट धरून हसायचा.

गहिनीनाथ माझा पुतण्या. बांधाच्या मारामारीत मला तीन वर्षं लागली, त्याला सात. मी सुटून आलो, तो तिथंच पोटात पाणी होऊन गेला. त्याची बायको सत्यशीला घाटावरून आल्यापासून उंबऱ्याशी बसली आहे. तिनं मला एकच विचारलंय, डॉक्टरनं त्यांना औषध दिलं होतं की नाही. त्याचंच उत्तर देतोय, फक्त माझ्या वाटेनं येऊ द्या.

तर बराकीत माणसं बावीस आणि सुई एक. नशेची पावडर आत कशी यायची ते विचारू नका, मी म्हणेन कावळा आणायचा. सुई बोथट झाली की फरशीवर घासायची. पण आपली माणसं कुठंही गेली तरी रीत सोडत नाहीत. तंबाखूची चंची जशी आधी थोरल्यापुढं, तशी सुईही. थोरला मी. मी टोचून घ्यायचो नाही, पण मान माझा म्हणून हातात घेऊन पुढं द्यायचो. वीस दंड फिरून ती शेवटी सगळ्यांत धाकट्याकडं यायची. धाकटा गहिनीनाथ.

एक दिवस त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. मी बागेच्या कामाला होतो. घेटुळीची मुळं उपटली, तुकडे दोऱ्यात ओवले आणि माळ त्याच्या डोक्यावर ठेवली. कावीळ उतरेल तशी माळ वाढते, गळ्यात येते, मग कमरेला. मी ओवलेली तर त्याच्या पायातून निघून चालत जेलरच्या खुर्चीखाली जाऊन बसली. खरं सांगायचं तर गाठी सैल मारल्या की माळ आपोआप लांबते. पोराला धीर यावा म्हणून मी सैल मारल्या होत्या. आणि डोळे खरंच निवळले. अख्खी बराक माझ्या पाया पडली.

मग रक्त तपासायला डॉक्टर आला. म्हणाला, पिवळेपणा गेला तरी रोग लिव्हरमध्ये बसलाय, सुईतून आलाय, तीन महिने गोळ्या खा म्हणजे जाईल. आणखी नऊ जणांना तोच रोग निघाला. त्यांनी गोळ्या खाल्ल्या, आज घरी धडधाकट आहेत.

पण गहिनीनाथाची पाळी आली आणि गोळ्या संपल्या. डॉक्टर ढसाढसा रडला. जेलरनं घोड्यावर टांग टाकली, भिंगारपर्यंत दौडत गेला, तिथं पलटणीच्या साहेबाला म्हणाला...

कुणी हसलं नाही. सत्यशीला उठून माझ्यासमोर आली. तिच्या हातात प्लास्टिकची पांढरी डबी होती.

"तात्या, खोटं बोलताय तुमी. गोळ्या संपल्या न्हवत्या. काल जेलातनं त्यांच्या सामानाची पिशवी आली, तिच्यात ही घावली. सील बी फोडल्यालं न्हाई. मला फोनवर म्हनले हुते, माळ उतरली, आता गोळ्या कशाला, तात्याच नको म्हनत्यात. तुमी नको म्हनला हुता का न्हाई, तेवढंच सांगा."