रिकाम्या जात्याचा नमुना

राणीसावरगावच्या शाळेत जमिनीचा आवाज ऐकायचं मशीन आलं, तेव्हा ते कुणाच्या ताब्यात द्यायचं यावर फार चर्चा झाली नाही. विज्ञान शिकवणारा मास्तर एकच होता, अनंतराव. शिवाय सरपंच किशनरावांचा बंद पडलेला रेडिओ त्यानं एकदा उघडला होता. रेडिओ पुढं कधीच वाजला नाही, पण उघडला होता हे अख्ख्या गावानं पाहिलं होतं. तेवढ्यावर त्याला परभणीला प्रशिक्षणाला धाडलं. पहिल्या दिवशी लाइट नव्हती, दुसऱ्या दिवशी शिकवणारे साहेब नव्हते, आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांना प्रमाणपत्र मिळालं.

भूकंपात किल्लारीकडं गावंच्या गावं झोपेत गाडली गेली होती. तेव्हापासून जमिनीतून गुरगुर ऐकू येते असं कुठंकुठं लोक सांगायचे, म्हणून सरकारच्या कुठल्याशा खात्यानं ही मशिनं काढली. कुठलं खातं, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं, रस्ते बंद झाले, आणि मशीन गंगाखेडलाच अडकलं. शेवटी ते कडब्याच्या बैलगाडीतून आलं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटणारा एक कॉम्प्युटर, आणि लांब तारेच्या टोकाला एक लोखंडी डबा. डबा शाळेमागं खड्ड्यात पुरायचा. गाव त्याला कान म्हणायला लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यावर हळदकुंकू दिसलं. कान सरकारी असला तरी पुरलेला होता, आणि पुरलेल्या गोष्टीशी जरा सांभाळून वागावं लागतं.

मशीन ऐकायचं सगळंच. पण ऐकलेल्यातलं काय मनावर घ्यायचं, हे त्याला सांगावं लागायचं. त्यासाठी प्रोग्रामात एक डिटेक्टर होता. आवाज केवढा मोठा हवा, किती खर्जातला हवा, किती वेळ टिकायला हवा, हे आकडे त्यात भरायचे. मग तसला आवाज आला रे आला की मशीन टुंई करून पडद्यावर एक ओळ लिहायचं. आकडे कोणते भरायचे, तेही माहितीपुस्तकात स्पष्ट दिलं होतं: स्थानिक परिस्थितीनुसार.

अनंतरावाची स्थानिक परिस्थिती म्हणजे लीला.

लीला त्याची बायको. किल्लारीजवळच्या एका खेड्यात तिचं माहेर होतं. आई, वडील, दोघं भाऊ, भावजया, सगळे एका पहाटे माळवदाच्या मातीखाली गेले. तिकडचं सगळं आटोपून परत आली, तेव्हापासून तिनं घरात पाऊल टाकलं नव्हतं. खळ्यात लिंबाखाली कापसाच्या पऱ्हाट्यांची खोप केली होती, तिथंच ती राहायची, तिथंच चूल मांडायची. आणि दिवसातून कधीतरी हातातलं काम थांबवून म्हणायची, "आलं बगा. जमीन बोलायली."

दुसऱ्या कुणालाच काही ऐकू यायचं नाही. अनंतरावालाही नाही. तो प्रामाणिकपणे जमिनीला कान लावून आडवा व्हायचा. त्याला मुंग्या चावायच्या.

"तिला माहेरची माणसं लागलीत," त्याची आई नर्मदाबाई म्हणायची. "एका दमात येवढी माणसं लागल्यावर ती तरी काय करंल बिचारी?" थोरल्या भावाला, चंद्रभानाला, यावर उपाय ठाऊक होता. डोंगरापलीकडं एक बाबा होता, तो साखळीनं बांधून, उपाशी ठेवून अंगातलं काढायचा. बाबाच्या हातून सुधारलेली दोन माणसं चंद्रभानाच्या ओळखीची होती. त्यातलं एक वारलं होतं, पण सुधारून वारलं होतं.

"माय, जरा दम धर," अनंतराव म्हणाला. "मशीन लागू दे. मशीननं आवाज धरला तर?"

नर्मदाबाईनं बराच विचार केला. "मशीन म्हणलं आवाज हाय, तर आवाज हाय. मी सोता सुनंच्या संगं खोपीत येऊन ऱ्हाईन. पर न्हाई म्हणलं, तर मंग चंद्रभान म्हणतो तसं. पुन्ना तू मधी बोलायचं न्हाई."

मशीन तपासायला खात्याचे साहेब येणार होते, तोवरची मुदत ठरली. अनंतराव हो म्हणाला. विज्ञानावर त्याचा विश्वास होता. मुख्य म्हणजे दुसरं कशावर ठेवावा, हे त्याला सुचत नव्हतं.

पहिल्यांदा त्यानं पातळी अगदी खाली लावली. एकट्या लीलाला ऐकू येतो म्हणजे आवाज बारीकच असणार. मशीन टुंईटुंई करत सुटलं. शाळेबाहेरच्या लोकांनाही ते ऐकू जायचं, आणि सरकारी मशीन आपल्यामुळं ओरडलं या भीतीनं लोक कबुली द्यायला यायला लागले.

पहिली कडूबाई आली. "मास्तर, आत्ता वाजलं ते मी व्हते. मिरच्या कुटायले. चुकी झाली."

पाठोपाठ मुंजाजी. "म्हैस पडली मास्तर."

"कुठं पडली?"

"पडली म्हंजे बसली. पर लय जोरात बसली."

अनंतरावानं हात जोडून सगळ्यांना सांगितलं, की बाबांनो, यायची गरज नाही. त्याचा अर्थ लोकांनी असा घेतला, की आधीच सांगून ठेवलं तर चालतंय. "मास्तर, उद्या मी लाकडं फोडणार हाय. मशीनला सांगून ठिवा." "मास्तर, आमच्या म्हातारीला खोकला झालाय, आठवडाभर तरी ऱ्हाईल."

शेवटी किशनरावांनी मनावर घेतलं. गावात शांतता पाहिजे. लिंबाजीला बोलावलं, आणि लिंबाजी हलगी घेऊन गल्लोगल्ली निघाला. "ऐका हो ऐका! मशीन ऐकायलंय! गावात कुणी आवाज करायचा न्हाई होऽ!" आणि प्रत्येक वाक्याला कडाड कडाड हलगी. शाळेजवळ आल्यावर तर त्यानं इमानदारीनं दोनदा दवंडी दिली. मशीननं पडदा भरून टाकला.

किशनराव धावत आले. "लागलं का मास्तर? लागला का भूकंप?"

"लागला," अनंतराव म्हणाला. "लिंबाजी लागला."

पण दवंडीचा गुण आला. गाव गप्प झालं. गिरणी दुपारपुरतीच चालायला लागली. शाळेत पोरं पाढे कुजबुजत म्हणायला लागली, त्यामुळं सतरा नव्वे किती हे कुणाला नीट ऐकू येईना आणि सगळेच पास झाले. एक वरात निघाली, तीत सनईवाला नुसतेच गाल फुगवत चालला होता आणि ताशेवाल्यानं काड्या कमरेला खोचल्या होत्या. नवरीच्या आईनं रडणंही पदरात केलं.

"आता लय साफ यायलंय," लीला म्हणाली. "गलबला न्हाई ना."

मशीन मात्र गप्प. अनंतरावानं पातळी वर नेली, खाली आणली, खर्ज बदलला. लीला खोपीच्या दारातून हात वर करायची, म्हणजे आलं. तो शाळेच्या खिडकीतून ते बघायचा आणि पडद्याकडं वळायचा. पडद्यावर काही नसायचं. दिवसभर बायको हात वर करायली आणि नवरा नकारार्थी मान हलवायलाय, असं गावानं पाहिलं, आणि त्यावर गावाचं काय मत झालं ते कुणी त्याला सांगितलं नाही.

माहितीपुस्तकाच्या शेवटाला आणखी एक सोय होती. हव्या त्या आवाजाचा नमुना मशीनला द्यायचा, मग ते त्याच्याशी जुळणारे आवाजच धरतं. उत्तम सोय. फक्त नमुना पाहिजे. आणि नमुना जगात एकाच ठिकाणी होता, लीलाच्या कानात.

तो खोपीत गेला. ती भाजी निवडत होती.

"लीला, कसा असतोय गं त्यो आवाज?"

तिचा हात थांबला. "तुमी कदी इचारलंच न्हाई."

"आवाज येतोय का एवढंच इचारलं मी. खरंय. आता इचारतो."

तिनं तोंडानं करून बघितला. जमला नाही. तिला स्वतःचंच हसू आलं, भूकंपानंतर पहिल्यांदा, आणि आपण हसलो म्हणून ती लगेच दचकली. मग म्हणाली, "जातं. पर दाणे नसल्यालं."

रिकामं जातं ओढायचं नसतं. पोरीला चालता यायच्या आधी हे सांगितलेलं असतं. रिकामं जातं ओढलं की घर रिकामं होतं. जातं शाळेमागं नेताना नर्मदाबाई आडवी आली. "अगं, सत्यानास करायलीस का घराचा?"

"माय, तिकडचं घर तर झालंय रिकामं," लीला शांतपणे म्हणाली. "तितं जातं भरल्यालंच व्हतं."

नर्मदाबाई बाजूला झाली.

कानाच्या खड्ड्याशेजारी मातीवर जातं मांडलं. लीला खुंटा धरून बसली. "जोरात न्हाई. थांबा. अस्सं. लांबून. खाली, लय खोल, कुणी तरी वसरी रिकामी करायलंय, सामान वढायलंय, आन् त्येला काई घाई न्हाई." जात्याची वरची पाळी खालच्या पाळीवर घासत गेली. दगड दगडाला खात होता. अनंतराव लीलाकडं बघत राहिला. इतके महिने ही एकटी हे ऐकत होती आणि आपण आकडे भरत होतो.

"पुरं," ती म्हणाली. "ह्ये हाय." मशीननं नमुना घेतला.

आता किती टक्के जुळलं की धरायचं, एवढंच ठरवायचं होतं. साठ टक्के लावले, काहीच लागेना. चाळीस लावले, तर गिरणी लागली, एस.टी. लागली, दुपारी ओट्यावर आडवी झालेली कडूबाई घोरली ती लागली, आणि एकदा अनंतराव खुर्चीत मट्टकन बसला तोही लागला. मधले सगळे आकडे त्यानं करून बघितले. एक तर मशीन सगळं ऐकायचं, नाही तर काहीच नाही. लीलाला ऐकू येतं तेवढंच ऐकेल असा आकडा नव्हताच. खोटं धरण्यापेक्षा खरं निसटलेलं बरं, असं माहितीपुस्तक म्हणत होतं. माहितीपुस्तक लिहिणाऱ्याची बायको घरात झोपत असावी. पण चाळीस ठेवले असते आणि नोंदींत कडूबाईचं घोरणं साहेबांना सापडलं असतं, तर लीलाचा आवाजही त्याच भावात गेला असता. म्हणून त्यानं साठ ठेवले.

साहेब दुपारी जीपमधून आले. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं, त्यावर मशीन. समोर किशनराव, चंद्रभान, नर्मदाबाई आणि आवाज न करता जमलेलं गाव. लीलाला नर्मदाबाईनंच आणलं होतं. ती खाली मातीत बसली आणि गवताच्या काड्या उपटत राहिली.

साहेबांनी पडदा पाहिला. "एकही नोंद नाही? छान. अगदी स्वच्छ." मग चहा आला. साहेब बशीत ओतून फुंकर मारायला लागले.

लीलाचा हात थांबला. तिनं मान वर करून अनंतरावाकडं बघितलं. हात वर केला नाही, बोलली नाही.

आणि ते आलं. आधी टाचांत, मग गुडघ्यांत, मग दाढांत. लांब, सावकाश, दाणे नसलेलं. चंद्रभान तंबाखू मळत होता, साहेबांच्या बशीतला चहा फुंकरीनं आधीच हलत होता. कुणाची मान वळली नाही. पण अनंतरावाला आलं, आणि त्याला आलंय हे लीलाला दिसलं. तिचा चेहरा एकदम उजळला. इतक्या महिन्यांनी तिला जोडीला कुणी तरी मिळालं होतं.

त्यानं नुसती मान डोलवायची होती.

अनंतराव वळला आणि त्यानं पडद्याकडं बघितलं. सवय. पडदा रिकामा होता, एक हिरवी खूण तेवढी उघडझाप करत होती. त्यानं परत लीलाकडं बघितलं, तेव्हा ती खाली मान घालून गवत उपटत होती.

"काय मास्तर? काही आहे का?" साहेबांनी विचारलं.

"मशीनवर काई न्हाई साहेब."

"आणि मशीनशिवाय?"

अनंतरावानं तोंड उघडलं. पण आधी लीलाच बोलली. "काईच न्हाई साहेब. मलाच भास व्हत व्हते." ती उठली, साडीची माती झटकली, नर्मदाबाईला म्हणाली, "चला माय. घरी जाऊ."

बाबाकडं न्यायची गरजच उरली नाही. नर्मदाबाईनं गल्लीत साखर वाटली. मशीनचा गुण आला म्हणून तिघी जणी आपापल्या सुना घेऊन शाळेकडं विचारायलाही येऊन गेल्या. लिंबाजीनं गाव मोकळं झाल्याची दवंडी दिली, आणि पोरं बोंबलून पाढे म्हणायला लागली.

दिवे लागायच्या सुमाराला अनंतराव घरी आला. खोप मोडलेली होती, पऱ्हाट्या चुलीजवळ सरपणाला रचल्या होत्या. लीलानं माळवदाखाली, बरोबर मधल्या तुळईखाली, त्याचं पान मांडलं.

"लीला," तो हळूच म्हणाला. "मला आलं ऐकू. दुपारी. खरंच."

"कामून खोटं बोलायलाव?"

"अगं खरं. टाचंतून आलं. तू म्हणतीस तसंच."

"मशीनवर आलं का?"

"न्हाई."

"मंग," ती म्हणाली, आणि तिनं भाकरी वाढली.

तो पहिला घास मोडत होता, तेव्हा पुन्हा टाचा भरून आल्या. या वेळी जास्तच. तुळईवरची थोडी माती सुटून त्याच्या ताटात पडली. त्यानं लीलाकडं बघितलं. ती त्याच्याकडं बघत नव्हती. तिनं पदरानं ताटाची कड पुसली, मातीचे दोन खडे बोटानं उचलून बाजूला टाकले.

"वरण वाढू का?" तिनं विचारलं.