पितळी कडं

ऑक्टोबरातल्या त्या सकाळी ट्रेवेनच्या खाडीवर एवढं धुकं होतं की लोवेनाला आपल्याच होडीचं शीड अर्धं दिसत होतं. इथे कालवं काढायला इंजिन लावायची बंदी आहे, फक्त शीड आणि वल्हं. म्हणून हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळी खाडी झोपेत कूस बदलल्यासारखी वाटते. कुठेतरी थर्मासचं झाकण वाजलं, कुणी खोकलं, आणि पुन्हा नुसतं पाणी.

पुढे तिचे वडील बसले होते, डेन्झिल. डोळे गेल्यात जमा, पण गळ्यात दोरीला ओवलेलं पितळी कडं होतं. कड्यातून खाली पडेल ते कालव लहान, ते पाण्यात परत. अडकेल ते आपलं. जन्मात त्यांनी खोटं माप केलं नव्हतं. दोन होड्यांचं भांडण झालं की माप घालायला लोक त्यांच्याकडेच येत.

मधल्या फळीवर खासदार सर ऑब्री बसले होते, गुडघ्यावर केशराचा पाव घेऊन. हंगामातलं पहिलं कालव ज्याच्या हातावर ठेवतात तो खाडीचा माणूस, आणि खाडीच्या माणसाने धक्क्यावर जागा मागितली तर कुणी नाही म्हणत नाही, अशी इथली रीत. सर ऑब्रींच्या मेहुण्याला तो धक्का हवा होता, श्रीमंतांच्या नौका लावायला. मग कालवांच्या होड्यांनी जायचं कुठे, हे कुणी विचारलं नव्हतं. आणि ते पहिलं कालव देणार होते लोवेनाचे बाबा.

याच सर ऑब्रींनी मतदानाआधी धक्क्यावर उभं राहून सांगितलं होतं, 'आपलं पाणी, आपला कायदा. युरोपच्या बाजारातून बाहेर पडा, कालवं न्यायला फ्रान्सचे ट्रक तरीही येतीलच.' बाबांनी बाहेर पडायला मत दिलं, लोवेनालाही द्यायला लावलं. मग देश बाहेर पडला, नव्या कागदांपायी ट्रक बंदरात अडले, कालवं तिथेच तोंडं उघडून मेली. कागद तपासायच्या शेडचं कंत्राट मेहुण्याला मिळालं. सर ऑब्रींनी स्वतःसाठी गुपचूप युरोपच्या बाजारातच राहिलेल्या माल्टाचं नागरिकत्व घेतलं. गाव पेटलं. बाबा मात्र म्हणत राहिले, "माणूस शब्दाचा आहे, पोरी. वेळ लागतो." लोवेनाला त्या भाबडेपणाचा राग यायचा, आणि मग रागाची लाज वाटायची.

"सर," धुक्यातून कुणीतरी ओरडलं, "बुडालात तर वाचवायला कुणाला बोलवू? आपल्या लोकांना की माल्टावाल्यांना?"

आजूबाजूच्या न दिसणाऱ्या होड्या हसल्या. सर ऑब्रीही हसले. "गमतीदार गाव आहे तुमचं, डेन्झिल."

आपलं नाही, तुमचं म्हणाले. बाबांनी मान वर केली.

"सर, फ्रान्सचा ट्रक कधी येणार?"

"कसला ट्रक?"

ते खरंच विसरले होते. पावाचा तुकडा तोंडात टाकून ते पाण्याकडे बघत राहिले. बाबांनी गळ्यातलं कडं मुठीत धरलं.

लोवेनाने जाळं वर ओढलं. चिखलातून पहिलं कालव निघालं, तिच्या पंजाएवढं. तिने ते बाबांच्या हातात दिलं आणि नजर फिरवली. कड्यावर शिंपला घासल्याचा आवाज झाला. तो अडकला, हे तिला न बघताही कळलं.

"लहान आहे," बाबा मोठ्याने म्हणाले आणि कालव पाण्यात सोडलं.

"अहो, पण ते तर चांगलं..."

"लहान ते पाण्यात, सर. रीत आहे."

दुसरंही लहान निघालं. तिसरंही. मग धुक्यातून आवाज आला, "आमचंही लहान, डेन्झिलकाका." त्यापलीकडून आणखी एक, मग आणखी. सगळ्या खाडीभर कालवं डुबुक डुबुक परत जात होती. सर ऑब्री रिकामा तळहात पुढे धरून बसले होते. शेवटी त्यांनी तो खिशात घातला.

त्यांना धक्क्यावर उतरवल्यावर बाबांनी गळ्यातलं कडं काढून लोवेनापुढे धरलं.

"हे काय, बाबा?"

"खोटं माप केलेल्या हाताने हे धरायचं नसतं."

"आजच्या दिवसाचं कोण मोजतंय? एकदाच तर..."

"दोनदा, पोरी," ते म्हणाले. "आधी माणसाचं माप चुकलं."

लोवेनाने कडं गळ्यात घातलं, शीड सोडलं आणि होडी पुन्हा पाण्यात घेतली.