खिशातली खीळ

दुकानदाराने चाकांची खुर्ची उघडून दाखवली, मिटून दाखवली आणि मग आवाज खाली आणला. "ताई, पार्कात नेताय ना? मग हिच्यावरची नजर हलवू नका. मागच्या महिन्यात पाळण्यांपाशी दोन गेल्या. माणसं खाली उतरेपर्यंत खुर्ची फाटकाबाहेर."

ताईने सायकलची साखळीही पिशवीत टाकून घेतली. खुर्ची भाड्याने घ्यायची आणि बाबांना पार्कात न्यायचं, हा बेत तिने धाकट्याच्या कानावरही घातला नव्हता. भाऊ चार वर्षांनी लहान, पण घरात हुकूम त्याचा. बाबांचं डोकं आता चालत नाही, वस्तू कुठे ठेवतात ते त्यांनाच आठवत नाही, त्यांना वृद्धाश्रमातच ठेवायला हवं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. खोलीही बघून ठेवली होती. पुरावा हवा म्हणून त्याने ताईला वही लिहायला लावली. ताई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. बाटलीवर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर तारीख-वेळ टाकल्याशिवाय तिच्या हाताला चैन पडत नसे. तिने वही इमानेइतबारे भरली. 'मंगळवार, संध्याकाळी सहा. मिक्सरचं पातं नाहीसं. बाबांना विचारलं, उत्तर नाही.' 'शुक्रवार. इस्त्रीची वायर गायब. उत्तर नाही.' अशा सतरा नोंदी झाल्या होत्या, आणि उद्या सकाळी धाकटा वही न्यायला येणार होता.

म्हणून आज तिला बाबांना एकदा त्यांच्या जागेवर न्यायचं होतं. पार्क झाला त्याआधी तिथे गोदामं होती आणि बाबांनी पस्तीस वर्षं त्यांचा पहारा केला होता. "वरून बघायचंय एकदा," एवढंच ते म्हणाले होते. खुब्याचं हाड जोडून जेमतेम पाच आठवडे झालेले. उजव्या पायावर भार टाकायला डॉक्टरांची सक्त मनाई. खुर्ची गेली आणि बाबा कुठे धडपडले, तर धाकट्याला वहीचीसुद्धा गरज उरणार नव्हती. ताईला हे कळत होतं, तरी ती निघाली. मनात अपराधी वाटत असलं की माणूस असले हट्ट करतो.

आकाशपाळण्यापाशी पोचल्यावर तिने पिशवीतून सायकलची साखळी काढली आणि खुर्ची कठड्याला बांधायला घेतली. पाळणेवाला लगबगीने आला.

"ताई, कठड्याला काही बांधायचं नाही."

"मग खुर्ची सांभाळणार कोण? तुम्ही?"

त्याने बोटाने पाटी दाखवली. वस्तूंची जबाबदारी आमची नाही, असं तिच्यावर लिहिलं होतं. ती पाटी मात्र कठड्यालाच बांधलेली होती. ताईने ते त्याला सुनावलं, त्याने साहेबांचं नाव सांगितलं, तिने साहेबांना बोलवा म्हटलं. तेवढ्या वेळात बाबा खुर्चीत वाकून काहीतरी खुडबुड करत होते. त्यांच्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

शेवटी दोघांनी बाबांना उचलून पाळण्यात बसवलं. त्यांनी आपली कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. कठड्याला लागून पार्कच्या तशाच चार खुर्च्या उभ्या होत्या, एका साच्यातून काढाव्यात अशा. आपली ओळखू यावी म्हणून ताईने डोक्याचा लाल रुमाल सोडला, खुर्चीच्या मुठीला बांधला आणि धावत पाळण्यात चढली. चढताना रांगेतला चौकटीच्या शर्टाचा माणूस तिला दिसला. त्याच्या दंडाला धरून एक म्हातारी उभी होती आणि तो खुर्च्यांकडे टक लावून बघत होता. ताईने त्याचं तोंड पाठ करून ठेवलं.

पाळणा वर गेला. बाबांनी डोळ्यांवर हात धरला आणि झाडांमागचं एक पत्र्याचं छप्पर शोधून काढलं. "चार नंबरचं गोदाम अजून उभं आहे," ते म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या आवाजाला धार आली होती. ताईला मात्र बघायला फुरसत नव्हती. पहिल्या फेरीत लाल रुमाल जागेवर होता. दुसऱ्या फेरीत होता. तिसऱ्या फेरीत वरून खाली येताना तिने बघितलं तर रुमाल नव्हता आणि खुर्चीही नव्हती.

"मी इकडे पाळणा बघू की खुर्च्या?" पाळणेवाला म्हणाला. बाबांना त्याने बाकावर बसवलं, एवढी मात्र माणुसकी दाखवली. ताई धावत सुटली. फाटकाच्या वाटेवर तिला चौकटीचा शर्ट दिसला. तो खुर्ची ढकलत होता आणि खुर्चीत म्हातारी होती. ताईने मागून मूठ पकडली.

"ही खुर्ची आमची आहे."

"अहो, सोडा. आई पडेल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसती भीती होती. खुर्चीच्या पाठीवर पार्कचं नाव रंगवलेलं होतं. खाली पाय ठेवायच्या दोन्ही पट्ट्यांवर म्हातारीचे सुजलेले पाय होते. ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने माफी मागितली आणि ती परत फिरली.

बाकाशी येते तो बाबा कठड्याला धरून अर्धे उठलेले. तिने त्यांना धरून खाली बसवलं. त्यातच फोन वाजला. धाकटा. तिने तो वाजू दिला.

"बाबा, खुर्चीला तुम्ही काही केलंत का?"

बाबा गप्प. तीच ती वहीतली गप्प बसायची पद्धत. मग तिला त्यांच्या पिशवीतून डोकावणारी नळी दिसली. तिने पिशवी उघडली. आत खुर्चीची पाय ठेवायची उजवी पट्टी होती. ताईच्या मनात अठरावी नोंद तारीख-वेळेसकट तयार झाली.

"काढलीत आणि विसरलात."

"विसरलो नाही. काढली," बाबा म्हणाले. "गोदामात जेवायच्या सुट्टीत हातगाड्या उघड्यावर असायच्या. मी एकेकीच्या चाकाची खीळ काढून खिशात टाकायचो. पस्तीस वर्षांत एक गाडी गेली नाही."

"मग ही कशी गेली?"

हा प्रश्न मात्र त्यांना लागला. "तू काही केलंस का तिला?"

"रुमाल बांधला. ओळखू यावी म्हणून."

"कसला?"

"लाल."

बाबांनी कपाळाला हात लावला. "अगं पोरी, लाल चिंधी बांधली की ती वस्तू नादुरुस्त. कुठल्याही कामावर हेच असतं. एक पाय नाही आणि वर लाल चिंधी. चोर कशाला हात लावतोय? दुरुस्तीवाल्याने उचलली. चार नंबरात बघ. वरून बघितलं तेव्हा दाराशी मोडके लाकडी घोडे पडले होते, म्हणजे दुरुस्ती तिथेच. पळ, तो सुटे भाग काढून घेईल."

पाळणेवाल्याला बाबांवर लक्ष ठेवायला सांगून ताई पट्टी घेऊन पळाली. चार नंबरात खुर्ची उलटी पडली होती, एक चाक बाजूला काढलेलं, आणि मिस्त्रीचा पाना दुसऱ्या चाकावर होता. "पाय मिळेना, म्हटलं चाकं तरी कामाला येतील," तो म्हणाला. ताईने पट्टी पुढे केली.

टॅक्सी घराकडे निघाली. चोराच्या भीतीने दोघांनी आपापली अक्कल चालवली आणि धडधाकट खुर्ची मोडीत निघता निघता वाचली. पण तिला खुर्चीचं काही वाटत नव्हतं. तिला ते मिक्सरचं पातं आठवत होतं.

"बाबा, पातं कुठे आहे?"

"कोटाच्या आतल्या खिशात."

"इस्त्रीची वायर?"

"गादीखाली. पुढच्या दाराचं कुलूप ढिलं झालंय, तुझ्या लक्षात नाही. तू दिवसभर लॅबमध्ये, मी एकटा. माझ्याने आता कोणाच्या मागे धावणं होणार आहे का?"

"मग मी विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"पहारेकऱ्याने खीळ कुठे आहे ते सांगायचं नसतं," बाबा म्हणाले. घरच्या माणसालाही नाही, असं काही ते म्हणाले नाहीत, पण ताईला ते ऐकू आलं. सतरा वेळा ते तिचं घर राखत होते आणि सतरा वेळा तिने ते त्यांच्याविरुद्ध लिहून ठेवलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

फोन पुन्हा वाजला. या वेळी तिने घेतला.

"ताई, उद्या आठला येतो," धाकटा म्हणाला. "वही तयार आहे ना? कुठे ठेवलीस?"

ताईने बाबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"सांगायचं नसतं," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.