एडनहून आलेली पत्रं

एकोणीसशे सदुसष्टच्या पावसाळ्यानंतर आकाराम आणि चिमणाबाई कोल्हापुरात राहायला आले, आणि पहिल्याच आठवड्यात गल्लीनं त्यांना 'एडनवाले' करून टाकलं. आकारामनं एडनच्या बंदरात एकतीस वर्षं क्रेन चालवली होती. तिथलं गोऱ्यांचं राज्य गुंडाळलं जायला लागलं, रोज दंगे व्हायला लागले, तसा तो नोकरी संपवून बायकोसह बोटीत बसला. हातकणंगल्याजवळच्या गावात थोरल्या भावाचं घर होतं. पण डोळ्यांसमोर पाणी असल्याशिवाय आपल्याला करमणार नाही, असं आकारामनं ठरवूनच टाकलं होतं. म्हणून रंकाळ्याच्या काठी दत्तोपंत मास्तरांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं घेतल्या.

नवं आयुष्य काही लगेच अंगाला बसलं नाही. आकाराम सकाळी उठून रंकाळ्यावर जायचा, गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचा आणि घरी येऊन सांगायचा, की पाणी बरं आहे पण त्याला खाऱ्या वाऱ्याचा वास नाही, आणि बोटींचा भोंगा तर नाहीच नाही. चिमणाबाईची तऱ्हा वेगळी. एडनात पाणी मोजून मिळायचं. इथं नळ आला की ती घागरी, बादल्या, पातेली, शेवटी तांबेसुद्धा भरून ठेवायची. शेजारणी हसायच्या. तिचं नेसणं गावाकडचंच होतं, पण चहात ती वेलदोडे आणि लवंग उकळायची आणि मधेच एखादा अरबी शब्द बोलून जायची. बायकांना तिची सगळ्यात मोठी नवलाई वाटायची ती वेगळीच. रोज दुपारी ती दारात बसून चष्मा लावून वर्तमानपत्र वाचायची, आणि आकाराम शेजारी बसून ऐकायचा. नवऱ्याला सहीपुरतं येतं आणि बायको घडाघडा वाचते, असं जोडपं त्या गल्लीत दुसरं नव्हतं.

संध्याकाळी कट्ट्यावर चार माणसं जमली, की आकाराम एक गोष्ट हमखास सांगायचा. "अकरा वर्सं बोलवत हुतो हिला. पत्रावर पत्रं धाडली. पर ही बया पाण्याला भ्याली. शेवटी सत्तेचाळीस साली मी सोता आलो आन् उचलून नेली." मग माणसं हसायची, आकारामही हसायचा. चिमणाबाई आतून ऐकायची. वीस वर्षं, एडनात आणि आता इथं, तिनं ही गोष्ट ऐकली होती. त्यातलं तिचं वाक्य तिनं कधीच बोलून दाखवलं नव्हतं.

ती पाण्याला भ्यालीच नव्हती. तिला कुणी बोलावलंय, हेच तिला कळलं नव्हतं.

लग्नानंतर वर्षभरात आकाराम बोटीवर चढला, तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मागं घरात सासू, थोरला दीर हंबीरराव आणि जाऊ झुंबरबाई. घरात अक्षरओळख एकट्या हंबीररावाला. आकारामची पत्रं यायची, हंबीरराव ती घराच्या पुढच्या सोप्यात बसून वाचायचा. बहुतेक वेळा सांगायचा, नुसती खुशाली आहे. दोन वर्षांनी एक पत्र आलं, आणि ते मात्र त्यानं शब्द न् शब्द वाचून दाखवलं. "मी इकडे संसार मांडला आहे. माझी वाट पाहू नये. घरात पडेल ते काम करून राहावे." चिमणाबाई शेणानं भरलेले हात घेऊन उंबऱ्याशी उभी होती. त्या दिवसापासून ती टाकलेली बाई झाली. पहाटेचं दळण, दोन म्हशी, मळ्यातली भांगलण-खुरपणी, जावेची बाळंतपणं, सगळं तिनं काढलं. माहेरी जायची तोंडाला लाज. वय वर्षं अठरा ते एकोणतीस, ती अशी गेली.

दुसरं महायुद्ध संपल्यावर आकाराम रजेवर आला, तेव्हा तिनं रडत त्याला एडनातल्या बायकोबद्दल विचारलं. तो हसत सुटला. कुठली बायको? त्यानं तर दर महिन्याला पत्र घातलं होतं, ये म्हणून. आणि घरून उत्तर जायचं, की ती यायला तयार नाही, पाण्याला भिते. चिमणाबाईच्या तेव्हाच सगळं ध्यानात आलं. फुकटात राबणारी बाई त्या घराला सोडवत नव्हती. पण आकारामचा बाप लहानपणी गेलेला, थोरला भाऊच त्याचा बाप. त्या भावाविरुद्ध अकरा वर्षांनी भेटलेली बायको बोलली, तर तो कुणाचं ऐकेल याची तिला खात्री नव्हती. हातातोंडाशी आलेली बोट तिला घालवायची नव्हती. तुला हे कुणी सांगितलं, असं त्यानं विचारलं तेव्हा तिनं ते गावातल्या बायकांवर ढकललं.

एडनात शेजारी यज्ञेश्वर नावाचा रत्नागिरीकडचा कारकून राहायचा. आकारामची सगळी पत्रं त्यानंच लिहिली होती. तो लवकर वारला. त्याच्या बायकोला, माईला, चिमणाबाईनं पहिल्याच महिन्यात सांगितलं, मला वाचायला शिकवा. माईनं शिकवलं. मूल मात्र झालं नाही. डॉक्टरीण म्हणाली, आधी आला असतात तर काही करता आलं असतं. त्या रात्री चिमणाबाईनं मनाशी एक गोष्ट पक्की केली, आणि मग वीस वर्षं ती नुसती जपून ठेवली.

अडुसष्टच्या भाद्रपदात हंबीरराव कोल्हापुरात आला. झुंबरबाई केव्हाच गेली होती. मुलगा कृष्णात भिलईच्या कारखान्यात नोकरीला. म्हाताऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झालेला. आकारामनंच हौसेनं बोलावून घेतलं, सरकारी दवाखान्यात शस्त्रक्रिया करवली आणि डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या भावाला घरी आणून पुढच्या खोलीत निजवलं. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, चष्मा लागायला महिना जाणार. चिमणाबाई त्याला चमच्यानं पेज भरवायची, वेळेवर औषध घालायची. तिच्या करण्यात कुठं खोट नव्हती. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, सख्ख्या लेकीनंही असं केलं नसतं.

चौथ्या दिवशी कृष्णातचं पत्र आलं. आकारामनं ते कौतुकानं तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं. खुशाली, पाऊसपाणी, औषध वेळेवर घ्या. मधे एक ओळ होती, 'बाबा, तुमच्या काळजीनं रात्री झोप लागत नाही.' तेवढी ओळ तिनं गाळली. हंबीररावानं विचारलं, "आनि काय न्हाई लिवलं?" ती म्हणाली, "नुसती खुशाली हाय." म्हातारा हिरमुसला. चिमणाबाई चुलीशी गेली. इतकं गोड तिला कित्येक वर्षांत काही लागलं नव्हतं.

दुसरं पत्र बाराव्या दिवशी आलं. त्यात कृष्णातनं लिहिलं होतं, की त्याला दोन खोल्यांचं घर मिळालं आहे, दिवाळीला रजा काढून तो येतो, आणि बाबांना कायमचं भिलईला घेऊन जातो. बाबांचा होकार लगेच कळवा, म्हणजे रजेचा अर्ज करतो. चिमणाबाईनं ते आधी मनातल्या मनात पुरं वाचलं. मग चष्मा सारखा केला आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली :

"मी इकडे संसार मांडला आहे. माझी वाट पाहू नये. घरात पडेल ते काम करून राहावे."

आकाराम ताडकन उठला. जन्मदात्या बापाला, डोळ्यांवर पट्ट्या असताना, असं लिहितो हा? तो येरझाऱ्या घालत पुतण्याला शिव्या देऊ लागला. पण चिमणाबाई त्याच्याकडे बघत नव्हती. ती हंबीररावाच्या तोंडाकडे बघत होती. पट्ट्यांखालचं ते तोंड आधी नुसतं उघडं राहिलं. मग ओठ हलले, जणू तो तीच वाक्यं पुन्हा म्हणून बघत होता. ती वाक्यं कुठली आहेत, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं.

दोन दिवस तो ती वाक्यं ओठांत घोळवत पडून राहिला. एकदा आकारामला म्हणाला, मास्तरांकडनं पत्र परत वाचून घेऊ या का? आकाराम दुखावला. चिमणा पाकिटावरचा छापील इंग्रजी पत्तासुद्धा वाचते, तिला पोराचं अक्षर लागणार नाही होय? म्हाताऱ्यानं तो विषय सोडला. का पुन्हा वाचायचं, हे सांगायचं तर मुळापासून सांगायला लागलं असतं. आकाराम बाहेर गेल्यावर मात्र त्यानं हलकेच विचारलं, "चिमणे, वाचाय कवा शिकलीस?"

"एडनात," ती म्हणाली. "तुमी वाचून दावायचा, त्ये पुरं पडंना म्हणून."

"पोराचं खरं काय हाय?"

"ती अकरा वर्सं मला खरं काय हाय त्ये कुनी सांगितलं?"

त्यानं हात जोडले. आंधळ्याचे हात, भलत्याच दिशेला जोडलेले. चिमणाबाईनं पेजेची वाटी त्याच्या हाताशी सरकवली आणि ती पाणी भरायला उठली. नळ आला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी आकाराम पोस्टकार्ड घेऊन आला. त्याचा राग निवला नव्हता, उलट दोन दिवसांत घट्ट झाला होता. भावाच्या उशाशी बसून त्यानं चिमणाबाईला लिहायला सांगितलं. तिनं लिहिलं, चिरंजीव कृष्णात यास. मग तो सांगत गेला. तुझा बाप आम्हाला जड नाही. तू आजपासून आम्हाला मेलास. परत या दारात पाऊल टाकू नकोस, आणि बाप गेल्यावर मातीलाही येऊ नकोस. चिमणाबाई लिहीत गेली. तिचं अक्षर गोल, शाळकरी पोरीसारखं होतं. टाकाची कुरकुर खोलीत स्पष्ट ऐकू येत होती.

"थांब," हंबीरराव म्हणाला. आकारामला वाटलं, बापाचं काळीज आहे. त्यानं पुढं सांगायला सुरुवात केली. तेव्हा म्हातारा, मान हलवायची नाही हे विसरून, उठून बसला.

"लिवू नगंस. त्या पोरानं तसं काय लिवल्यालं न्हाई. ती वाक्यं माजी हायत."

मग त्यानं सांगितलं. पट्ट्या असल्यानं त्याला कुणाचं तोंड दिसत नव्हतं, त्यामुळं कदाचित सोपं गेलं असेल. तुझी पत्रं यायची, मी तिला खोटं वाचून दाखवायचो. ती गेली असती तर म्हशी कोण बघणार, मळा कोण बघणार, झुंबरी तर सदा आजारी. तुला उलट पत्रं मीच घालायचो. ती पाण्याला भिते, हे मीच लिहिलं. आधी वाटलं एक साल, मग दुसरं. पुढं खरं सांगायची हिंमत झाली नाही.

आकारामनं टाक तिच्या हातातून काढून घेतला. मग त्यानं बायकोला विचारलं, पोराचं पत्र कुठाय. तिनं ते चोळीतून काढलं आणि पहिल्या ओळीपासून शेवटापर्यंत वाचलं. मागच्या पत्रातली गाळलेली ओळही सांगितली. हंबीरराव ऐकत होता आणि पट्ट्या खालून ओल्या होत होत्या. आकारामनं पोस्टकार्डाचे चार तुकडे केले, चप्पल घातली आणि तो निघून गेला.

दुपार टळल्यावर तो परत आला. भावाला तो एक अक्षर बोलला नाही, आणि पट्ट्या सुटल्यावरही बोलला नाही. औषधाच्या वेळा मात्र चुकवल्या नाहीत. चष्मा लागला त्या दिवशी त्यानं भावाला स्टँडवर नेऊन गावच्या गाडीत बसवलं आणि गाडी सुटायच्या आधीच पाठ फिरवली. गावी जाऊन हंबीररावानं स्वतःच पोराला होकार कळवला, आणि दिवाळीत कृष्णात येऊन बापाला भिलईला घेऊन गेला. हंबीरराव पुन्हा कोल्हापुरात आला नाही.

चिमणाबाईला त्याचं वाईट वाटलं नाही. बायका म्हणतात तसं मन हलकंबिलकंही झालं नाही. तिनं एक माणूस तीन दिवस तसा बसवला होता, जसा त्यानं तिला अकरा वर्षं बसवलं होतं. तिच्या मते तो अजून बऱ्याच स्वस्तात सुटला होता. संधी मिळाली असती तर तिनं ते तीन दिवसांचे तीन महिने केले असते.

तिला लागलं ते दुसरंच. भाऊ गावी गेल्यावर आठ-दहा दिवस आकाराम कट्ट्यावर गेला नाही. नीट जेवायचाही नाही. एका संध्याकाळी ती त्याच्याबरोबर रंकाळ्यावर गेली, तेव्हा तो पाण्याकडं बघत म्हणाला, "वीस वर्सं तू मला हसाय दिलंस. चारचौघांत. एकदा तरी म्हनायचं हुतंस."

तुम्ही भावाचं ऐकाल अशी भीती वाटली, हे खरं होतं, पण ते पहिल्या वर्षापुरतं. पुढची एकोणीस वर्षं तिनं ते स्वतःसाठी ठेवलं होतं, त्याला वाटेकरी न करता. हे तिनं त्याला सांगितलं, जसं होतं तसं.

मग तिनं विचारलं, "त्या पत्रांत काय लिवायचा तुमी?"

आकारामनं आठवून बघितलं. म्हणाला, ये म्हणून लिहायचो. दुसरं काय लिहायचो ते आता सांगता येत नाही. लिहिणारा यज्ञेश्वर, सांगून झालं की विसरून जायचो. तिनं पुन्हा विचारलं. एखादं तरी? तो कपाळ चोळत राहिला. शेवटी म्हणाला, एकदा बोटीपुढं मासे पाण्यातून उडताना बघितले होते, पाखरांगत, ते लिहिलं होतं. चिमणेला सांगा, असं लिहिलं होतं.

"किती हुते?" तिनं विचारलं.

"लई हुते. सकाळची येळ हुती."

"फुडं सांगा," चिमणाबाई म्हणाली, आणि कट्ट्यावर त्याच्या शेजारी नीट मांडी घालून बसली.